एका रेशनकार्डावर एकच

१. अर्जदाराचे संपूर्ण नाव

हरिणखेडे जमुनाबाई केशोराव.

इथे दुर्गेश्वरीचं नाव यायचं होतं. घरात कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. दुर्गेश्वरी तर न विचारता सांगते. गोंदियात ब्यूटी पार्लरचं सरकारी मोफत प्रशिक्षण निघालं ही बातमी घरात तिनंच आणली. चार दिवस नवऱ्याच्या, म्हणजे इंद्रकुमारच्या, मागे लागून त्याला अर्ज भरायला ऑनलाइन सेंटरवर तिनंच धाडलं. धाडताना हातात रेशनकार्ड दिलं, तेवढं चुकलं. रेशनकार्डावर घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. सेंटरवाल्यानं कार्डाचा नंबर टाकला, कॉम्प्युटरनं प्रमुख बाईचं नाव पुढे केलं, सेंटरवाल्यानं विचारलं, हेच ठेवू का? इंद्रकुमार त्या वेळी धान कापायच्या हार्वेस्टरवाल्याशी फोनवर भांडत होता. हात हलवून म्हणाला, ठेव.

दवनीवाड्याच्या हरिणखेड्यांकडे जमुनाबाई सून म्हणून आली त्याला बेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिचं नाव कुठल्याच कामात पुढे आलं नव्हतं. आलं ते असं, सुनेच्या जागी.

२. जन्मतारीख

०१/०१/१९८०.

गावच्या शाळेत आधारचं शिबिर लागलं होतं तेव्हाची ही तारीख. मशीनवाल्यानं वय विचारलं. जमुनाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, केशोरावांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. रांग लांब होती. मशीनवाल्यानं मग स्वतःच्या मनानं आकडा टाकला आणि पुढच्या बाईला हाक मारली. तेव्हापासून कागदोपत्री जमुनाबाई पाच वर्षांची असताना तिला अंजू झाली आणि दहा वर्षांची असताना इंद्रकुमार. सरकारनं ते मान्य केलं आहे, कधी शंका काढली नाही.

म्हातारपणाची पेन्शन मागायला गेली तेव्हा मात्र बाबूनं सांगितलं, बाई, तुम्ही अजून तरुण आहात. तिची नणंद शकुंतलाबाई तिच्याहून दोन वर्षांनी लहान. तिच्या आधारवर आकडा उलट मोठा पडला, म्हणून ती पेन्शन घेते आणि जमुनाबाईला भेटली की गुडघ्यांना काय लावावं ते वडीलकीनं सांगते.

प्रशिक्षणाची वयोमर्यादा होती अठरा ते पंचेचाळीस. जमुनाबाईला पंचेचाळीस व्हायला दोन महिने कमी होते.

३. शिक्षण

चौथी पास.

निवडलेल्या बायकांची यादी लागली, त्यात सासूचं नाव वाचून दुर्गेश्वरी दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी तिनं अकॅडमीत फोन लावला. तिकडून नूतन मॅडमनं गोंदियातल्या लोकांसारखं अर्धं हिंदीत अर्धं मराठीत समजावलं. एका रेशनकार्डावर एकच बाई, हा नियम. मात्र पंधरा दिवसांच्या आत यादीतल्या बाईनं लेखी माघार घेतली तर त्याच कार्डावरची दुसरी बाई तिच्या जागी घेता येते. दुसरीचे कागद तेवढे बरोबर हवेत. दुर्गेश्वरीच्या आधारवर अजून माहेरचं नाव होतं, ते बदलून यायला आठ-दहा दिवस लागणार. तोवर यादीतल्या बाईचा अंगठा रोज मशीनवर पडला पाहिजे. तीन दिवस पडला नाही तर जागाच रद्द.

तेव्हा ठरलं ते असं: सासूनं अंगठा द्यायचा, सुनेनं शिकायचं. केशोरावांनी परवानगी दिली. परवानगी अंगठ्यापुरती होती.

पहिल्या दिवशी दोघी नऊच्या बसनं गेल्या. अकॅडमी कुलरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. दारात मॅडमनं दुर्गेश्वरीला थांबवलं. आत फक्त यादीतलीच. फार तर जिन्यात बसा, पंखा नाही पण हवा येते. त्यामुळे जिला शिकायचं होतं ती चपलांच्या ढिगाजवळ पायरीवर बसली, आणि जिला फक्त अंगठा द्यायचा होता ती आत गेली.

आत तिन्ही भिंतींना आरसे होते. जमुनाबाईनं स्वतःला एका वेळी एवढ्या ठिकाणी कधी पाहिलं नव्हतं. कुठं बघावं ते न कळून ती जमिनीकडे बघत बसली. बाकीच्या वीसेक पोरी होत्या. कुणी तिला आंटी म्हणे, कुणी आजी, आणि एकीनं विचारलं, तुमची मुलगी कुठं बसली? मग मॅडमनं प्रत्येकीच्या पुढ्यात लांब केसांचं प्लास्टिकचं डोकं ठेवलं आणि केसांचे भाग पाडायला सांगितले. पोरींनी कंगवे उचलले. जमुनाबाईनं ते डोकं उचलून मांडीवर आडवं घेतलं, आणि जन्मभर पोरीबाळींच्या डोक्यातल्या उवा जशा पाहिल्या तशी दोन बोटांनी भांग पाडत गेली. पोरी हसून हसून आडव्या झाल्या. मॅडम हसत हसतच जवळ आली, वाकली आणि हसायची थांबली.

"आंटीजी का पार्टिंग देखो सब लोग," ती म्हणाली. "इसको बोलते हैं सीधी लाइन."

जिन्यात दुर्गेश्वरीला नुसतं हसणं ऐकू आलं. परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं, मामीजी, काय शिकवलं? त्या भागात सून सासूला मामीजी म्हणते. जमुनाबाई म्हणाली, "काई नाई. उवा पाहाले सांगतल्या."

४. पूर्वानुभव (नसल्यास रेघ मारावी)

———

रेघ इंद्रकुमारनं मारली. त्याचा दोष नाही, त्याला ठाऊकच नव्हतं.

जमुनाबाईच्या माहेरी सगळ्या बाया बिडी वळत. तेंदूचं पान कापायचं, चिमूट तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची, तोंड दुमडायचं, दिवसाला हजार. नवव्या वर्षापासून तिची बोटं हेच करत आली. लग्न होऊन ती शेतीवाल्या मोठ्या घरात आली, तिथं बिडी वळणं म्हणजे घरावर डाग. पहिल्या उन्हाळ्यात गोठ्यामागे बसून ती गुपचूप वळू लागली. तिला स्वतःच्या पैशानं स्वतःला एक लुगडं घ्यायचं होतं. शकुंतला तेव्हा लग्नाची होती. तिनं जाऊन बापाला सांगितलं. सासऱ्यानं वळलेल्या बिड्यांचं सूप उचललं आणि गाईंच्या हौदात उलटं केलं. गाई त्या दिवशी पाणी प्यायल्या नाहीत, एवढंच काय ते गावात कळलं.

चौथ्या दिवशी मॅडमनं भुवयांचा दोरा शिकवायला घेतला. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा बोटांवर, मध्ये पीळ. पीळ सरकतो तसा केस मुळासकट निघतो. नव्या पोरींना आधी स्वतःच्या नडगीवर करायला लावतात. तासाभरात वर्गात निम्मे दोरे तुटले, निम्म्या नडग्या लाल झाल्या. जमुनाबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं, दोरा दातात धरला, आणि पीळ तिच्या बोटांत असा चालू लागला की जणू परवापर्यंत चालत होता. दोरा तुटायच्या आधी किती ताणतो ते तिच्या हाताला ठाऊक होतं.

"पहले कहीं काम किया क्या, आंटीजी?"

"बिडी," जमुनाबाई म्हणाली.

मॅडम स्वतः खुर्चीत बसली, मान मागे टाकली आणि म्हणाली, करा माझी. वर्ग भोवती गोळा झाला. काम झाल्यावर नूतन मॅडम आरशापुढे गेली, पाहिलं, वळली, पुन्हा गेली आणि पुन्हा पाहिलं.

बस, एवढंच झालं. बाकीचं जे झालं ते यातून झालं. बासष्ट वर्षांत जमुनाबाईनं रांधलेलं लोकांनी खाल्लं होतं, लावलेलं पीक कापलं होतं, सारवलेल्या अंगणात लोक बसले होते. तिच्या हातचं काम कुणी परत वळून पाहिलं नव्हतं. त्या दुपारी ती जिन्यातून उतरली तेव्हा दुर्गेश्वरी पायरीवर वहीत काहीतरी लिहीत होती; दारातून ऐकू आलेलं जेवढं कळलं तेवढं. जमुनाबाईनं तिला दोऱ्याचं सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाली. उद्याही नाही सांगितलं.

आठव्या दिवशी दुर्गेश्वरीचं नवं आधार आलं. माघारीचा कागद द्यायचा शेवटचा दिवस सोमवार. आणि रविवारी दवनीवाड्याची मंडई.

५. कुटुंबातील इतर सदस्य

(या रकान्यात फक्त नावं लिहायची असतात. मतं मागितलेली नाहीत. पण मंडईला घर भरलेलं असलं की मतं न मागता येतात.)

दिवाळी सरली की या भागात गावोगाव मंडई भरते, आणि ज्या गावची मंडई त्या गावातल्या घरी सगळे नातलग जेवायला येतात. सोयरिकी मंडईत जुळतात, भांडणंही मंडईत मिटतात किंवा लागतात. शकुंतलाबाई आदल्या दिवशीच आली होती. गोरेगावला दिलेली लेक अंजू सकाळच्या बसनं आली, आल्या आल्या तिनं फुगलेला चेहरा आईला दाखवला आणि चुलीपुढे बसली. लाखोरीच्या डाळीचे वडे तळले गेले, भात झाला, पंगत झाली. मैदानातून झुल्यांच्या भोंग्याचा आवाज येत होता. पाहुणे सुपारी कातरत घरापुढच्या छपरीत बसले असताना इंद्रकुमार एक टाइप केलेला कागद आणि शाईचं पॅड घेऊन आला आणि दोन्ही वस्तू आईपुढे ठेवून उभा राहिला.

सुरुवात शकुंतलाबाईनं केली. बसमध्ये तिला एका बाईनं विचारलं म्हणे, तुमची भौजी मिशा काढायला शिकते ते खरं का? तिला उतरेपर्यंत तोंड लपवावं लागलं. ती भावाकडे वळली.

"दादा, हरिणखेड्यांच्या बाईनं आता लोकाईच्या मिशा काढाव काय?"

केशोराव म्हणाले, अंगठ्यापुरतं होतं, आज संपलं. एवढं बोलून ते सुपारीकडे वळले. घरातल्या कुठल्याही भांडणात केशोराव सुपारीकडे वळतात; त्यांच्या वडिलांनी सूप उलटं केलं त्या दिवशीही ते असेच काहीतरी कातरत होते.

मग अंजूनं मनातलं बाहेर काढलं. नूतन मॅडमनं जमुनाबाईचा दोरा चालवतानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. तो फिरत फिरत गोरेगावला अंजूच्या नणंदेकडे गेला. "माय, तिनं मोबाइल माह्या तोंडासमोर धरला. म्हणे, हे तुही माय ना? मांडीपरेंत लुगडं वर." जमुनाबाईनं मान खाली घातली. गुडघ्यापर्यंतच होतं, पण हे सांगायची ही वेळ नव्हती.

अशा रीतीनं सगळं घर एका बाजूला होतं आणि ती बाजू दुर्गेश्वरीची होती. असं या घरात पहिल्यांदाच घडत होतं. सुनेला त्या सुखाचा अंदाज आला नाही. तिनं गप्प बसायला हवं होतं. पण आठ दिवस ती पायरीवर गप्पच बसली होती. ती भरभरून बोलू लागली. प्रशिक्षण संपलं की प्रमाणपत्र मिळतं, आणि ज्या बाईचं प्रमाणपत्र तिच्या नावानं फिरती खुर्ची, मोठा आरसा, वाफेचं मशीन, सगळं फुकट येतं. रस्त्याच्या बाजूची खोली तिनं मनात मापूनही ठेवली होती. खुर्ची कुठे, आरसा कुठे, बाहेर पाटी कुठल्या रंगाची. आणि पाटीवर नाव, ती म्हणाली आणि लाजली.

सगळ्यांच्या माना खोलीच्या दाराकडे वळल्या. दुर्गेश्वरीला वाटलं, सगळ्यांना आवडलं.

रस्त्याच्या बाजूची खोली म्हणजे या घरातली एकमेव जागा जिला भाडं येऊ शकतं. ती कुणाची, हे केशोरावांनी आजवर सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की भांडण होईल हे त्यांना कळतं. अंजूच्या मनात त्या खोलीबद्दल गेली सात वर्षं काय आहे ते इंद्रकुमारला माहीत आहे, आणि इंद्रकुमारला माहीत आहे हे अंजूला.

अंजूनं वाटीतली बडीशेप तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"मी काय म्हनतो बाबूजी," ती म्हणाली. "मायच्याच नावानं राहू द्या ना मंग. शिकून रायली बिचारी. कायले तोडता?"

आईच्या नावानं खुर्ची आली तर खोलीत आईची खुर्ची राहील. आई आहे तोवर आईची, पुढचं पुढे. ती हे बोलली नाही, बोलायची गरजही नव्हती. इंद्रकुमारचा चेहरा उतरला. तो म्हणाला, ताई, आत्ता तर तुला लाज वाटत होती. अंजू म्हणाली, लाज नणंदेची होती, माय माझी आहे.

दुर्गेश्वरी एकीकडून दुसरीकडे पाहत राहिली. तिनं आधारासाठी शकुंतलाबाईकडे पाहिलं, आत्याबाई तरी बाजू घेतील म्हणून. पण शकुंतलाबाईचं लक्ष जमिनीवरच्या शाईच्या पॅडवर होतं.

"वहिनी," ती म्हणाली, आणि मघाचा आवाज नव्हता. "पाहून कर काय करशीन ते. माह्यासमोरबी यानंच ठेवला होता असाच कागद. दादानं. मले म्हने, खालती नाव लिही फक्त. मी लिहिलं. मंग दरसाल मंडईले येतो मी, वडे खातो, आन जातो."

वडलांच्या शेतावरचा हक्क तिनं तेव्हा सोडला, त्याला तीस वर्षं झाली. या घरात त्याचा उच्चार कुणी करत नाही, आणि तिनंही आजवर केला नव्हता. केशोरावांच्या हातातला अडकित्ता थांबला. ते म्हणाले, त्याचा इथं काय संबंध, हा शाळेचा कागद आहे. शकुंतलाबाई म्हणाली, संबंध नाही, नुसतं आठवलं.

आता जमुनाबाईच्या बाजूला दोघी झाल्या. एकीला खोली हवी होती, दुसरीला भावाला टोचायचं होतं. तुला काय हवं, हे त्या दोघींनीही तिला विचारलं नव्हतं. जमुनाबाईच्या हे ध्यानात आलं. वाईट वाटलं नाही. फक्त ध्यानात आलं.

६. अर्जदाराची सही किंवा अंगठा

"माय, अंगठा दे," इंद्रकुमार म्हणाला. "मंडईत जाचं हाये सगळ्याईले."

जमुनाबाईनं पॅड बाजूला सरकवलं आणि कागद उचलला. वाचायचा आहे म्हणाली. सगळे थांबले. ती वाचू शकते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तिनं वाचावं अशी वेळ आणली नव्हती. ती बोट ठेवून एकेक शब्द मोठ्यानं वाचू लागली. मी, जमुनाबाई केशोराव हरिणखेडे, वय चव्वेचाळीस. घरगुती अडचणीमुळे. व प्रकृती ठीक नसल्यामुळे.

"प्रकृती कोनाची ठीक नाई?"

इंद्रकुमार म्हणाला, तसं लिहावं लागतं, ते कारण चालतं.

"आन हे स्वेच्छेने मंजे?"

"मंजे आपल्या मर्जीनं."

"कोनाच्या?"

इंद्रकुमारनं वडलांकडे पाहिलं. जमुनाबाईनं कागदाची घडी केली, मग आणखी एक घडी केली. तिला बोलायचं होतं ते शब्दांत येत नव्हतं. दुर्गेश्वरी समोर उंबऱ्याजवळ उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. तिच्याकडे न पाहता बोलावं असं जमुनाबाईनं ठरवलं, आणि बोलताना पाहिलंच.

"मी माघार नाई घेत. मी जाईन उद्या."

बाहेरून झुलेवाल्याचा भोंगा वाजत राहिला.

"काऊन?" केशोराव म्हणाले. "कायले पायजे तुले या वयात?"

"मले येते ते काम."

"या घरात तुले कामाची कमी होती काय?"

"नोती," जमुनाबाई म्हणाली.

केशोरावांच्या वडलांच्या वेळी अशा प्रसंगी उचलायला एक सूप होतं. ते उठले, टोपी घातली आणि मंडईत गेले. त्यांच्यामागे इंद्रकुमार गेला, आईशी न बोलता. अंजू आईजवळ येऊन बसली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच म्हणाली, बरं केलंस माय. जमुनाबाईनं तो हात काढला. "तुह्यासाठी नाई केलं," ती म्हणाली. अंजूही मग पायात चपला सरकवून आत्याबरोबर निघाली.

दुर्गेश्वरी केव्हा आत गेली ते कुणी पाहिलं नाही. मागच्या अंगणात भांडी घासल्याचा आवाज सुरू झाला. पंचवीस माणसांची भांडी होती.

७. कार्यालयीन उपयोगासाठी. येथून खाली अर्जदाराने काही लिहू नये.

मॅडमनं घरी करायला काम दिलं होतं. घरातल्या कुणाच्या तरी भुवया करायच्या आणि सोमवारी फोटो दाखवायचा. जमुनाबाईनं ठरवलं होतं की अंजूच्या कराव्यात. अंजू गेली. शकुंतलाबाई गेली. ती छपरीत खाटेवर दोरा बोटांवर गुंडाळून बसली, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. भांड्यांचा आवाज थांबावा असं तिला वाटत होतं आणि थांबला तर पुढे काय, याची भीतीही वाटत होती.

थांबला. थोड्या वेळानं दुर्गेश्वरी आली. तोंड धुतलेलं, नवी साडी, हातात पावडरचा डबा. डोळे लाल नव्हते. ती स्टुलावर बसली आणि मान मागे टाकली.

"मंडईत जाचं हाये मले. घ्या."

ती हे दया म्हणून करत होती की जे तिला शिकायचं होतं ते निदान कपाळावर तरी अनुभवावं म्हणून, की खरोखर नुसतं मंडईत जायचं होतं म्हणून, हे जमुनाबाईला कळलं नाही. तिनं विचारलं नाही. पावडर लावली. दुर्गेश्वरीनं सांगायच्या आधीच दोन्ही हातांनी भुवईचं कातडं ताणून धरलं, एक बोट वर, एक खाली. पायरीवर बसून तिनं तेवढं बरोबर ऐकलं होतं.

जमुनाबाईनं दोरा दातात धरला. पहिली भुवई झाली. तिच्या हाताला कसलाही कंप नव्हता, याची तिला जराशी लाज वाटली. ती दुसऱ्या भुवईवर वाकली तेव्हा दुर्गेश्वरी मिटल्या डोळ्यांनीच बोलू लागली.

"मामीजी, आठ दिवस मी चपलाजवळ बसली. तुमी मांगं वळून पाह्यलं नाई असं नाई. रोज पाह्यलं. मंग आत गेल्या."

दोरा दातात होता. जमुनाबाईला बोलता येत नव्हतं. दात उघडले की पीळ सुटला असता, एवढंच. ती पीळ सरकवत राहिली.

"मी भांडत नाई. भांडून काय भेटते. पुढच्या वर्षी अजून बॅच हाये, विचारलं मी मॅडमले फोनवर. आत्ताच, भांडे घासता घासता." तिचं बोट कातडीवर घट्ट होतं. "एका राशनकार्डावर एकच बाई. मंग मले माहं वेगळं कार्ड पायजे. आन वेगळं कार्ड मंजे वेगळी चूल. नुसतं लिहून नाई चालत, पाहाले येते मानूस. तर आमी वेगळं राहू. याईले मी सांगतो. तुमाले पयले सांगतलं."

केस निघताना तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं. भुवई करताना सगळ्यांच्याच डोळ्यांतून येतं. मॅडमनं दोरा शिकवतानाच सांगितलं होतं, घाबरायचं नाही, पुसायचं.

या घराची चूल एक राहावी म्हणून जमुनाबाईनं काय काय गिळलं, त्यातलं थोडं मागच्या रकान्यांत येऊन गेलं आहे. दीर वेगळा निघाला तेव्हा ती तीन दिवस उपाशी राहिली होती आणि इंद्रकुमारच्या लग्नात तिनं देवाला एकच मागितलं होतं, दुसरी चूल नको. त्या चुलीवर आज दुपारी पंचवीस माणसांचं झालं. दोरा सोडून एक शब्द बोलली असती तरी चाललं असतं. कागद छपरीतच होता. चौघडी केलेला, पण फाटलेला नव्हता. सोमवारही अजून उगवायचा होता.

तिनं पदरानं सुनेच्या डोळ्याचं पाणी टिपलं. मग पुन्हा वाकली आणि दुसरी भुवई पहिलीच्या जोडीची होईपर्यंत हात थांबवला नाही. मैदानात दंडारीचं नाटक सुरू झालं असावं, ढोलकी ऐकू येत होती. तिनं दोऱ्याचं टोक दातातून सोडलं.

"कर वेगळं कार्ड," ती म्हणाली.

दुर्गेश्वरीच्या पापण्या हलल्या.

"डोळे उघडू नोको. दोन केस रायले अजून."